दुधाच्या मापापुढे ‘क्यू. एस.’ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत पॅनकेकची कृती आली होती. त्यावर एका भगिनीने पत्र लिहिले की, मैदा एक कप आणि दूध पाऊण कप असे छापल्याबरहुकूम घेऊनही पीठ इतके घट्ट झाले की पळीतून सुटेना. पुढच्याच आठवड्यात एका गृहस्थांचे उत्तर आले : ‘माप काटेकोर घेतले नसणार. अंदाजपंचे स्वयंपाक करणाऱ्यांचे असेच व्हायचे.’ हे वाचल्यापासून मला चैन नाही. त्या भगिनींची बाजू मांडायला हे पत्र लिहितो आहे. लिहितो म्हणजे सांगतो. लिहून घेते आहे माझी सून. माझे अक्षर आता माझे मलाच लागत नाही.

मी निवृत्त कंपाउंडर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत चौतीस वर्षे औषधे तयार केली. पितळी काटा, चिमट्याने उचलायची वजने, चिनी मातीचा खल, काचेचा मेझर ग्लास. ग्लासातले पाणी वाचताना डोळा पातळीला आणून वाचायचा आणि कडेला वर चढलेली किनार सोडून मधल्या खोलगट भागाचा आकडा धरायचा, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. बाटलीवर डोसांच्या खुणा म्हणून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचो, तीही पट्टीने आखून. तेव्हा माप न घेणाऱ्यांची वकिली करायला मी उभा राहतो आहे, यात काहीतरी गंमत आहे हे मला कळते.

सहा वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंपवात सुरू झाला. ‘कंपाउंडरला कंप’ हा विनोद घरात सगळ्यांचा करून झाला आहे, आपण नव्याने करू नये. सपाट चमचा भरून तो भांड्यापर्यंत नेणे हे माझ्यासाठी आता सर्कशीतले काम. कप भरला की निम्मा ओट्यावर. आणि नेमके याच काळात रविवारी सकाळी नातीला पॅनकेक करून घालायचे काम माझ्याकडे आले, कारण त्या वेळी घरात रिकामा मी एकटाच. मोजायचे म्हटले तर मोजता येईना आणि न मोजता काही करायची तर आयुष्यात सवय नाही. अशा पेचातून जे शिकलो ते सांगतो.

आधी त्या कपाचे. कप म्हणजे किती? अमेरिकेत साधारण २४० मिलिलिटर, ऑस्ट्रेलियात २५०, जपानात २००. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात मात्र २० चा. या देशांतल्या कृती आपल्या पुरवणीत भाषांतरित होऊन येतात तेव्हा कप मात्र कुठला ते सांगायचे राहून जाते. मी एका दुपारी घरातले पाच कप ओळीने मांडले आणि पाणी ओतून पाहिले (ग्लास सुनेने धरला, आकडा मी वाचला). सर्वांत लहान ११० चा निघाला, सर्वांत मोठा २६० चा. पाचही कपांना आमच्याकडे ‘कप’च म्हणतात.

बरे, कप एकच ठेवला तरी मैद्याचे काय? चमच्या-चमच्याने हलका भरला तर अमेरिकी कपात १२० ग्रॅमच्या आसपास मैदा मावतो. तोच कप डब्यात खुपसून, दाबून वर काढला तर १५० पर्यंत जातो. म्हणजे चौथा हिस्सा जास्त, आणि दोन्ही वेळा माणूस प्रामाणिकपणे सांगणार की मी एक कप सपाट घेतला. फॅनी फार्मर नावाच्या बाईंनी १८९६ मध्ये अमेरिकेत आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात सपाट कप, सपाट चमचा यांचा आग्रह धरला आणि तेव्हापासून हे माप घरोघरी गेले. त्याआधी ‘अक्रोडाएवढे लोणी’ छाप मापे चालत. बाईंचे उपकार मोठे आहेत, नाही म्हणत नाही. पण सपाट कपाने शिगेचा घोळ मिटला, दाबून भरण्याचा नाही मिटला. त्यात पीठ दमट दिवसात ओल धरते, कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, अंडी लहानमोठी निघतात. तेव्हा त्या भगिनींनी माप चुकवले नसेल, असे मी छातीठोक सांगतो. त्यांनी कप दाबून भरला असेल, एवढेच. आणि तसा भरू नये, हे कृतीत कुठे छापले होते?

आता मुद्द्याचे. आमच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी यायची. वर औषधे, त्यांच्यापुढे काटेकोर वजने. तिथे एका गुंजेचीही सूट नाही. शेवटच्या ओळीत पाणी, आणि पाण्यापुढे आकड्याऐवजी दोन अक्षरे : क्यू. एस. लॅटिन शब्दांचे लघुरूप आहे, अर्थ ‘पुरेल इतके’. बाटलीवरच्या शंभराच्या खुणेपर्यंत पाणी भर, त्याला किती लागले ते मला सांगू नकोस. नवशिका असताना मला हे फार ढिलाईचे वाटले होते. आमच्या मुख्य कंपाउंडरांना मी विचारलेही की, पाणी मोजून का घालत नाही? ते म्हणाले, ‘अरे, औषधाने बाटलीत किती जागा व्यापली ते तुला ठाऊक आहे का? मग पाणी आधी मोजून काय करशील?’

किती ओतायचे ते ठरलेले नाही, कुठे थांबायचे ते ठरलेले आहे. पॅनकेकच्या पिठाचे अगदी हेच आहे. मैद्याने किती ओल आधीच धरली आहे ते आपल्याला दिसत नाही, मग दूध आधी मोजून काय करणार?

पण ‘थांबायचे कुठे’ हे तरी सांगायला हवे, नाहीतर ‘अंदाजाने घाला’ म्हणणाऱ्या सुगरणींत आणि माझ्यात फरक काय! त्या म्हणतात, ‘अगं, कळतं आपोआप.’ आपोआप काही कळत नसते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचेही बिघडलेले असते, त्या विसरलेल्या असतात.

मी अंड्यापासून सुरू करतो, कारण घरातले तयार वजन तेच. मध्यम-मोठे अंडे कवच काढून साधारण ५० ग्रॅम भरते. जाड, फुगीर पॅनकेकसाठी वजनाने अंड्याच्या दुप्पट मैदा, तितकेच दूध आणि अंड्याच्या निम्मे वितळलेले लोणी. मैदा आणि दूध वजनाने सारखे, पण मैदा हलका, हवा धरून बसलेला, म्हणून दिसायला तो दुधाच्या जवळपास दुप्पट दिसतो. वाटी कुठलीही घ्या. एका अंड्याला मैद्याचा ढीग पसरट भांड्यात कसा दिसतो, हे एकदाच काट्यावर तोलून डोळ्यांत भरून घ्या. मी तेवढे एकदा सुनेकडून करून घेतले. आता डब्यातून मैदा थेट भांड्यात झुकवतो. हात हलतो तो इथे कामीच येतो, मैदा चाळल्यासारखा पडतो.

साखर-मिठाची पंचाईत करत बसू नका. मीठ चिमूटभर, साखर आवडीप्रमाणे. फक्त साखर जास्त झाली की पॅनकेक आतून शिजण्याआधी बाहेरून काळा पडतो.

आता दूध. सगळे एकदम ओतायचे नाही. अंदाजाच्या पाऊणपट घालायचे, अंडे आणि लोणी घालायचे (दूध फ्रिजमधून काढलेले थंडगार असेल तर लोणी पुन्हा थिजून त्याचे कण होतात, म्हणून दूध कोमट किंवा घरच्या हवेइतके) आणि कालवायचे. किती कालवायचे, यावर माझी पहिली फजिती झाली. खलात घोटायची सवय. औषधात कण राहिला तर मुख्य कंपाउंडर बाटली परत करायचे. मी ते पीठ दहा मिनिटे असे घोटले की रेशमासारखे झाले. नातीने पहिला घास घेतला, चावला, आणखी चावला आणि म्हणाली, ‘आजोबा, हे खोडरबर आहे का?’ मैदा ओला करून जितका रगडाल तितके त्यातले ग्लुटेन, म्हणजे चिवट प्रथिन, एकमेकांत गुंतत जाते. पावासाठी ते हवे असते, पॅनकेकला मारक. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवायचा. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्यायच्या. मला अजून ते पाहवत नाही, म्हणून मी भांड्यावर ताट झाकून बाल्कनीत जाऊन बसतो.

हे झाकून ठेवणे टाळू नका. दहा-पंधरा मिनिटांत मैदा दूध पिऊन घेतो, गुठळ्या बऱ्याचशा आपल्याआप विरतात, ताणलेले ग्लुटेन सैलावते. पीठ आता मघापेक्षा घट्ट झालेले असते. ‘पुरेसे’ ठरवायचे ते इथे, आधी नाही. निम्म्या लोकांची चूक अशी होते की, कालवताना पीठ बरोबर जमलेले असते आणि तेवढ्यावर ते दुधाची पिशवी आत ठेवून देतात.

मग खुणा. पळीभर पीठ उचलून वरून परत भांड्यात सोडायचे. धार तुटक, गोळ्या-गोळ्यांनी पडली आणि खाली ढीग तसाच राहिला तर दूध हवे. पाण्यासारखी पडून पृष्ठभागावर काही उमटलेच नाही तर पातळ झाले. जाड पॅनकेकला धार रिबिनीसारखी सलग पडली पाहिजे, खाली तिची घडी दिसली पाहिजे आणि मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत ती घडी पिठात विरली पाहिजे. माझी रिबीन नागमोडी पडते, त्याने फरक पडत नाही. विरायला लागणारा वेळ तोच. पातळ, मोठ्या, गुंडाळायच्या पॅनकेकसाठी रिबीन बघायची नाही. पळी बुडवून उलटी धरायची, पाठीवर पातळ थर बसला पाहिजे आणि बोटाने मधे रेघ ओढली तर ती क्षणभर तशीच राहिली पाहिजे. तिथे अंड्याचे प्रमाण जास्त आणि मैदा कमी असतो, साधारण अंड्याइतके दूध आणि दोहोंच्या बेरजेच्या नव्हे, एकेकाच्या निम्मा मैदा. हे वाक्य सुनेने मला दोनदा सांगायला लावले, तेव्हा सोपे करून सांगतो : दोन अंडी असतील तर दोन अंड्यांच्या वजनाचे दूध आणि एका अंड्याच्या वजनाचा मैदा.

पीठ घट्ट असेल तर दूध चमच्या-चमच्याने वाढवायचे. घाईने धार सोडली की हटकून पातळ होते. आणि पातळ झाले तर? वरून कोरडा मैदा भुरभुरू नका. तो तरंगतो, बाहेरून भिजतो, आत कोरडा राहतो आणि गुठळी होते. आमच्याकडे न विरघळणारी पूड पाण्यात मिसळायची तर आधी थोड्या पाण्यात तिचा लगदा करायचा, मग थोडे थोडे करून पाणी वाढवायचे. तसेच इथे. वाटीत दोन चमचे मैदा घ्या, त्यात तेच पातळ पीठ थोडे घालून लगदा करा, तो सैल करा आणि मग मोठ्या भांड्यात परत घाला. घट्ट लगद्यात गुठळीला पळायला जागा नसते, ती चमच्याखाली मोडते. पातळ पिठात ती तुम्हाला चुकवत फिरते.

आता त्या गृहस्थांच्या बाजूने एक गोष्ट. बेकिंग पावडर मोजायचीच. ती आमच्या चिठ्ठीतल्या वरच्या ओळीतली वस्तू आहे, शेवटच्या ओळीतली नाही. थोडीशी असते आणि तिचाच सगळा परिणाम. सव्वाशे ग्रॅम मैद्याला सपाट एक चहाचा चमचा, फार फुगलेले हवे असेल तर त्याहून थोडी अधिक. जास्त घातली की पॅनकेक भराभर फुगतो, मग बसतो, आणि जिभेवर कडवट, साबणासारखी चव मागे राहते. मी चमचा कसा सपाट करतो, असे नातीच्या मैत्रिणीने विचारले होते. मी काहीच करत नाही. चमचा डब्यात बुडवून शिगोशीग वर काढतो आणि डब्यावरच धरून ठेवतो. हात थरथरतो, शीग आपोआप गळून पडते. या एका कामात माझी बरोबरी कुणी करून दाखवावी.

ती मैद्यात मिसळण्याचीही रीत आहे. चमचाभर पावडर वाटीभर मैद्यावर टाकून ढवळली तर एका कोपऱ्यात साठून राहू शकते. आम्ही जालीम औषध पुडीत मिसळताना आधी त्याच्याइतकीच साधी पूड घ्यायचो, दोन्ही एकजीव करायचो, मग त्या मिश्रणाइतकी आणखी, मग त्याच्या दुप्पट. चमच्याला चमचाभर मैदा, मग दोन चमचे, मग चार, असे दुप्पट करत मैदा संपेपर्यंत. कोरडे असतानाच.

ही पावडर १८४३ मध्ये इंग्लंडमधल्या ज्या आल्फ्रेड बर्ड यांनी काढली ते औषधविक्रेते होते, म्हणजे आमच्याच पंथातले. पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून पाव फुगवायला दुसरा उपाय शोधला. त्याआधी तिला अंडी चालत नाहीत म्हणून बिनअंड्याची कस्टर्ड पावडरही त्यांनीच केली होती. असा नवरा आणि असा औषधविक्रेता, दोन्ही दुर्मीळ. पावडरीत खायचा सोडा, कोरडे आम्ल आणि दोघांना एकमेकांपासून कोरडे ठेवायला स्टार्च असते. ओल लागली की दोघांची गाठ पडते आणि वायू सुटतो. आजकालच्या बहुतेक पावडरी थोडा वायू भिजल्यावर आणि बराचसा तव्यावर तापल्यावर सोडतात, म्हणून पंधरा मिनिटे थांबणे त्यांना परवडते. नुसता सोडा आणि आंबट ताक किंवा लिंबू पिळलेले दूध वापरत असाल तर मात्र थांबू नका. वायू तुमची वाट न पाहता निघून जातो. डबा कधी उघडलाय ते आठवत नसेल तर अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. खळखळून फेस आला तर ठीक. नुसती सुस्कारा टाकून बसली तर डबा बाहेर.

अंदाजवाल्यांची एक खोड मात्र मला अजिबात मान्य नाही : बोट बुडवून कच्चे पीठ चाखणे. त्यात कच्चे अंडे असते, आणि मैदाही कच्चाच. भाजलेला-उकडलेला नसल्याने त्यातही जंतू असू शकतात. बाटलीतले औषध चाखून बघणारा कंपाउंडर मी पाहिला नाही, असला तर फार दिवस टिकला नसेल. मी तव्यावर नाण्याएवढा एक ठिपका ओततो. एक मिनिटात तो मीठ, साखर, फुगणे, पसरणे, सगळे सांगतो. दाट राहिला तर दूध, पसरून झिरझिरीत झाला तर लगदा.

तवा तापला का ते कळायला पाण्याचा थेंब टाका. नुसता सळसळून जागीच आटला तर थांबा. थेंब गोळी होऊन तव्यावर नाचू लागला की तवा तापला. आपल्याच वाफेवर तो तरंगत असतो. १७५६ मध्ये लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी यावर लिहून ठेवले आहे, म्हणून त्यांचेच नाव या नाचाला पडले. नाच फारच जोरात असेल तर आच थोडी उतरवा. तूर्त तव्याबद्दल एवढेच, नाहीतर सून पेन ठेवून देईल. उलटण्याचे मात्र सांगतो : बुडबुडे आल्याबरोबर नाही, ते फुटून त्यांची भोके उघडी राहू लागली आणि कडा कोरडी दिसली की. एकदाच उलटायचे आणि उलथण्याने वरून थापटायचे नाही. थापटून फुगलेले बसवायचे होते तर इतकी पावडर मोजली कशाला?

तेव्हा संपादक महाशय, विनंती अशी. पुरवणीत पिठाची कृती छापाल तेव्हा मैदा ग्रॅममध्ये द्या, बेकिंग पावडर चमच्यात द्या आणि ‘सपाट’ हा शब्द त्यापुढे छापा. दुधापुढे वाटल्यास आकडा द्या, पण तो कंसात, आणि त्याआधी ‘पुरेल इतके’. नंतर एक ओळ खुणेची : धार कशी पडावी, घडी किती वेळात विरावी. जागेची अडचण असते हे मी जाणतो. कृतीखाली सजवलेल्या ताटलीचे जे चार रकाने रुंद छायाचित्र येते, त्यातला अर्धा रकाना पुरेल. त्याऐवजी पळीतून पडणाऱ्या धारेचे छायाचित्र दिलेत तर त्या भगिनींना पुन्हा पत्र लिहायची वेळ येणार नाही.

त्या गृहस्थांना माझा नमस्कार कळवा. त्यांचा कप किती मिलिलिटरचा आहे तेही विचारा.

आपला,
एक निवृत्त कंपाउंडर

(ता. क. लेखनिकेकडून : बाबा सांगत नाहीत, पण मागच्या रविवारी मीठ दोनदा पडले होते. नाण्याएवढ्या ठिपक्यात कळले. मग त्यांनी सगळा घाणा दुप्पट केला आणि आम्ही रात्रीही पॅनकेकच खाल्ले.)